सुलतानबीच्या नावाची वाटी

कोल्हापुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. बढाई वाटत असेल तर उठा आणि तुमच्या मांडणीवरचा स्टीलचा डबा खाली काढून बघा. नाव, तारीख, 'यांजकडून सप्रेम भेट', आणि शेवटी चार पाकळ्यांचं बारकं फूल. ते फूल माझं. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नाव घालायचं मशीन घेऊन मी बावीस वर्षं बसतोय. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर असं की मास्तर लोकसुद्धा आपल्या पोरींच्या लग्नातली भांडी माझ्याकडंच आणतात. ज्या घरांत माझ्या आज्याची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली असायची, त्याच घरांतले तांबे आज माझ्या मांडीवरनं जातात. त्यांच्या देव्हाऱ्यापुढच्या पळी-पंचपात्रावर माझं फूल आहे. घासा म्हणावं आता रोज!

तर अशा माणसाला, म्हणजे प्रसेनजीत कांबळेला, सात वर्षांच्या पोरीला भाजी खायला घालणं अवघड जाईल काय? मलाही वाटलं नव्हतं.

आमची साक्षी चार गोष्टी खाते. चपाती-साखर, तूप-भात, उकडलेला बटाटा आणि खारी. तिचं ताट म्हणजे निवडणुकीच्या आधीचा पुढारी, नुसतं पांढरंशुभ्र. हिरवं काही दिसलं की पोरगी अशी मागं सरते, जणू भाजीतनं साप निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त कमी आहे, पालेभाज्या द्या. सांगायला काय जातंय! चिठ्ठीवर 'पालेभाज्या' लिहिणं सोपं आहे. तो डॉक्टर आमच्या घरी येऊन एक घास भरवून दाखवू दे, पिंपावर त्याचं नाव फुकट घालून देतो.

भरवायचं काम माझी बायको प्रीती करायची. प्रीती एसटीत कंडक्टर. दिवसभर पासष्ट माणसांना 'आत सरका, आत सरका' म्हणून घरी यायचं, आणि मग ताट घेऊन पोरीमागं सदर बाजारातल्या आमच्या गल्लीत पळायचं. या टोकाला एक घास, त्या टोकाला दुसरा. चार घासात प्रीतीचं दोन किलोमीटर व्हायचं.

आणि एका शनिवारी प्रीतीच्या नावानं एसटीचं पत्र आलं. कंट्रोलरच्या बढतीची परीक्षा ती पास झाली होती. पहिले तीन महिने चंदगड स्टँडवर, सुट्टीला घरी, मग पुन्हा कोल्हापूर. अकरा वर्षं घंटी ओढलेल्या बाईला आता खुर्चीत बसून माईक धरायला मिळणार होता. चंदगडला जाणारी गाडी फलाट नंबर अमुकवर लागलेली आहे, हे वाक्य ती आंघोळ करताना म्हणायची. मी बाहेरून ऐकलेलं आहे, दोन वर्षं.

पण पत्र वाचून तिनं ते डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, "पोरीच्या पोटाचं काय? मी न्हाय जात."

मी पेटलो. म्हणालो, "आठ दिवस दे. पोरगी कारलं मागून खाईल. मागून! न्हाय खाल्लं तर माझं मशीन पंचगंगेत टाकतो."

"मशीन ऱ्हाऊ दे," प्रीती म्हणाली. "सोमवारी न्हाय, पुढच्या सोमवारी संमती द्यायची हाय. आदल्या रविवारी मी तीन भाज्या करीन, तुमी वाढायचं, मी नुसती बघणार. जेवली तर सही करीन. न्हाय जेवली तर त्यो विषय पुन्हा काढायचा न्हाय."

ती हे अशा आवाजात बोलली, जशी हसूरचा स्टॉप आला म्हणून सांगते. वाद घालायची सोय नाही.

रविवारी मी मोबाईलवर शिकून घेतलं. तिथं गुळगुळीत चेहऱ्याच्या बायका गाजराची फुलं करतात आणि त्यांची पोरं टाळ्या वाजवून ती खातात. ती पोरं भाड्यानं आणलेली असतात असं माझं स्पष्ट मत आहे. मी गाजराचं फूल केलं. फूल काढण्यात माझा हात कोण धरणार! साक्षीनं फूल हातात घेतलं, "लई भारी हाय" म्हणाली आणि वहीत चिकटवायला घेऊन गेली.

सोमवारी पालक वाटून कणकेत घातला. तिनं चपाती उजेडाकडं धरली, जसा दुकानदार नोट धरतो, आणि ताटातनं उठली. मग मी भाषण केलं. आम्ही लहानपणी काय खात होतो, काय मिळत नव्हतं, जगात किती पोरं उपाशी आहेत. अर्धा तास बोललो. साक्षी म्हणाली, "मग माझी भाजी त्यास्नी द्या की." मी ओरडलो. ती रडली. शेवटी दोघांनी चपाती-साखर खाल्ली.

मंगळवारी शेजारच्या सुलतानबी चाचीकडनं वाटी आली. चाची आणि मीरासाब चाचा भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांचा नातू नौमान साक्षीच्याच वर्गात. वाटीत मेथी घातलेली मसूर होती, हिरवीगार. मी ती माझ्यासाठी बाजूला ठेवत होतो, तेवढ्यात साक्षी आली. नवीन वाचायला शिकलेली पोर, दिसेल ते वाचते. तिनं वाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर जोडलं, "सु-ल-ता-न-बी मी-रा-सा-ब मु-ल्ला-णी." म्हणाली, "दादीची वाटी हाय." आणि चपाती बुडवून ती वाटी तिनं पुसून काढली. मेथीसकट!

माझ्या डोक्यात मशीन सुरू झालं. पोरगी भाजीला घाबरत नाही, घरच्या भांड्याला घाबरते. भांड्यावर दादीचं नाव पाहिजे, बास! आणि नाव घालणं हे कुणाचं काम?

आता आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर नाव नाही. नाव घालणाऱ्याच्या घरची भांडी कायम बिननावाची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन वाट्या पिशवीत घालून दुकानावर नेल्या आणि झोकात अक्षर काढलं, सौ. सुलतानबी मीरासाब मुल्लाणी. रात्रीच्या जेवणाला मीच केलेला दोडका त्यात वाढला. साक्षीनं नाव बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी तोंडातनं शब्द काढला नाही, कारण काढला असता तर खरं बाहेर पडलं असतं. शंका नको म्हणून तिच्याशेजारी बसून मी पण त्याच वाटीतला दोडका खायला लागलो. मला दोडका आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

तिनं चार फोडी खाल्ल्या.

मग मला कोण धरतंय! गुरुवारी डबा, दोन ताटल्या आणि भातवाढी. शुक्रवारी कढई. पोरगी रोज खात होती. गवार खाल्ली, भोपळा खाल्ला, शेवग्याची शेंग चोखली. प्रीतीला मी काही सांगितलं नाही. कसब असतं ते गुरू सांगत नसतो. ती फक्त रिकाम्या वाट्या बघत होती आणि हळूहळू खुलत होती. शुक्रवारी तिनं इस्त्रीवाल्याकडं युनिफॉर्म टाकला. मी तो टाकताना बघितला आणि छाती पुढं काढून गल्लीतनं एक चक्कर मारली.

पण एक गोष्ट मी विसरलो. ज्या माणसाचं पोट ज्या कायद्यावर चालतं, तोच कायदा मी विसरलो! भांड्यावर ज्याचं नाव, भांडं त्याचं. त्यापुढं साक्षी-पुरावा नाही. आणि दुसरा कायदा त्याहून जुना, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही.

त्या आठवड्यात प्रीती आमची जेवणं झाल्यावर घरी यायची आणि भांडी घासायची. खरकट्या भांड्यांच्या पाळ्यात सुलतानबीची वाटी दिसली. घासली, पुसली, शेंगदाण्याची चटणी भरली आणि साक्षीबरोबर शेजारी पाठवली. दुसऱ्या दिवशी डबा आणि ताटल्या. डब्यात शंकरपाळ्या. तिसऱ्या दिवशी कढई! स्वतःच्या लग्नातली कढई त्या बाईनं स्वतः घासून, त्यात पोहे भरून शेजारी पोचवली. मी म्हणालो, अगं, कढईचं बूड तरी ओळखलंस काय? ती म्हणाली, नाव काय लिहिलंय ते दिसत न्हाय का? चाची एवढं आपल्या पोरीला करून घालती, आणि मी तिची कढई दाबून बसू?

तिकडं चाचीला आपलं नाक कापून घ्यायचं नव्हतं. चटणी आली म्हणून तिनं शीरखुर्मा पाठवला, आपल्या खऱ्या डब्यात. डबा आला म्हणून प्रीतीनं लाडू भरले. लाडू आले म्हणून तिकडनं खिमा आला. प्रीतीची रात्री उशिरापर्यंत ड्यूटी, आणि ही बाई चार वाजता उठून शंकरपाळ्या तळते! मला म्हणाली, चाचीनं हे काय काढलंय मधेच? भिंतीपलीकडनं चाचाचा आवाज यायचा, कांबळ्याच्या बायकोला झालंय काय? दोन्ही घरं रोज ढेकर देत होती आणि एकमेकांवर दात खात होती. आमच्या घरात चहा ओतायला भांडं उरलं नव्हतं. शनिवारी मी सकाळचा चहा साक्षीच्या पाण्याच्या बाटलीच्या टोपणातनं प्यालो.

त्याच सकाळी नौमान आमच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "अंकल, दादीला इसराया लागलंय."

मी म्हणालो, काय इसरली?

त्यानं सांगितलं. रोज कांबळेकाकूकडनं भांडी येतात. दादीला वाचता येत नाही, म्हणून तो वाचून दाखवतो, दादी, आपलंच नाव हाय. पण दादीला ती भांडी आठवत नाहीत. कधी घेतली, कधी दिली, काहीच नाही. रात्री ती सगळी भांडी फरशीवर मांडून बसते आणि पुन्हा पुन्हा हात लावून बघते. काल दवाखान्यात गेलती. डॉक्टरनं रोज सात बदाम सांगितलेत. दादी बदाम खाते आणि रडते.

सत्तरीची बाई. माझ्या आईच्या बाळंतपणात शिरा घेऊन आलेली. आणि मी तिला वेडी करून ठेवली होती! आत्ताच्या आत्ता उठून जावं आणि पाय धरावेत, असं वाटलं. पण उद्या रविवार. दाराशी इस्त्री केलेला युनिफॉर्म लटकत होता. मी स्वतःला म्हणालो, एक दिवस. फक्त एक दिवस. माणूस नालायक असला की त्याला कायम एकच दिवस पाहिजे असतो.

रविवारी प्रीतीनं मेथी केली, गवार केली आणि कारलं केलं. कारलं माझ्याच बोलण्यामुळं. चाचीनं आठवडाभर पोरीला घातलं म्हणून तिला आणि नौमानला जेवायला बोलावलं होतं. मीरासाब चाचा लग्नाला सांगलीला गेले होते. ती दोघं यायच्या आधीच साक्षीला भूक लागली. प्रीतीनं शेजारच्या मोनावहिनीकडनं दोन ताटं मागून आणली होती, कारण आमच्याकडं ताटच नव्हतं. ताटावर नाव होतं, 'मोना'. आणि पुढं माझं फूल.

मी वाढलं. प्रीती भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली, तिकीट तपासणीसासारखी.

साक्षीनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला घाम फुटला. आणि घाम फुटला की मला बोलायला लागतं. म्हणालो, खा बाळा. मेथी बघ कशी हिरवी. खाल्लीस तर मम्मी साहेब होणार. एक घास. बरं, अर्धा. कारल्यानं रक्त वाढतं. काल कशी शहाण्यासारखी जेवलीस! आता काय झालं? खा म्हणतोय न्हवं! साक्षीनं हाताची घडी घातली. अगदी आईसारखी. दोघी घडी घालून माझ्याकडं बघायला लागल्या.

तेवढ्यात दारातनं खणखणाट आला. सुलतानबी चाची! खांद्यावर चादरीचं गाठोडं, मागं नौमान. तिनं गाठोडं माझ्यासमोर आपटलं. वाट्या, डबा, ताटल्या, भातवाढी, आणि सगळ्यावर कढई.

"परश्या," चाची मला लहानपणापासूनच्या नावानं म्हणाली, "ही भांडी माझी न्हाईत."

प्रीती म्हणाली, "चाची, नाव तुमचंच हाय की."

"नाव माझं हाय. भांडी न्हाईत." तिनं आपली एक जुनी वाटी काढली आणि प्रीतीचा अंगठा धरून त्या नावावर फिरवला. "माझ्या लग्नातल्या भांड्यावर छन्नीनं ठोकून नाव घातलंय. घासताना अंगठ्याला खडखड लागतंय. पन्नास वर्षं घासतोय मी. काल रात्री राखेनं घासताना कळलं, ही सगळी गुळगुळीत. मशीनची. आणि हे काय हाय शेवटाला?"

तिचं बोट माझ्या फुलावर होतं. चार पाकळ्या. बावीस वर्षांची जाहिरात!

मी सगळं सांगितलं. दुसरं काय करणार? सांगताना मी कढईकडं बघत होतो. चाचीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार दिस मला वाटलं माझं डोस्कं गेलं. ह्या नौमानला सांभाळायचं कसं, म्हणून रडलो मी. नावाला काय, तू माझं नाव कुठंबी घाल. पण मला सांगून घालायचं."

मी तिच्या पायावर हात ठेवला. तिनं माझ्या डोक्यात कढईचं झाकण हळूच मारलं. हळूच म्हणजे तिच्या मानानं.

प्रीतीनं दाराशी जाऊन युनिफॉर्म हँगरवरनं काढला आणि घडी घालायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. घडीवर घडी, घडीवर घडी, तो युनिफॉर्म रुमालाएवढा झाला. म्हणाली, "म्हंजे पोरगी भाजी खातच न्हवती. फसून खाल्ली तिनं. मी तिकडं आणि ही हितं रोज फसणार."

"मी न्हाय फसले," साक्षी म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

"दादीच्या वाटीला फूल नसतंय. मला पयल्या दिवशीच कळलं. फूल पप्पाचं असतंय."

मी म्हणालो, मग खाल्लंस कशाला?

ती थोडा वेळ ताटातली गवार बोटानं इकडून तिकडं करत राहिली. मग म्हणाली, "दादीकडं खा-खा कोण करत न्हाय. सगळी बसून खात्यात. नौमान खात न्हाय, तर न्हाय. मग त्यो खातोय. आणि तुमी त्या वाटीतनं वाढलं की गप बसतासा. माझ्यासंगट बसून खातासा. एरवी तुमी लई बोलतासा, पप्पा."

नौमान म्हणाला, "व्हय. आमच्या घरापर्यंत ऐकू येतंय."

आठवडाभर मी माझ्या अक्षरावर खूश होतो. पोरीनं अक्षराला नव्हे, माझ्या बंद तोंडाला दाद दिली होती!

प्रीतीनं युनिफॉर्म बाजूला ठेवला, गाठोड्यातल्या ताटल्या पुसल्या आणि सगळ्यांना वाढलं. चाची मांडी घालून बसली. नौमान बसला. प्रीती बसली आणि मला म्हणाली, "आता तुमी बी बसा. आणि एक शब्द न्हाय."

आम्ही जेवायला लागलो. चाची प्रीतीला चंदगडच्या पावसाचं विचारत होती. प्रीती म्हणाली तिकडं छत्री वाळतच न्हाय म्हणे. साक्षीकडं कुणीच बघत नव्हतं. म्हणजे मी बघत होतो, पण कढईच्या बुडात. कढईच्या बुडात ती उलटी दिसत होती. बराच वेळ काही झालं नाही. माझ्या जिभेवर 'खा' हा शब्द खाज सुटल्यासारखा आला होता. मी त्याच्यावर गवार कोंबली.

मग तिनं मेथीत चपाती बुडवली. नंतर गवार, एकेक शेंग, मोजल्यासारखी. नंतर नौमाननं कारल्याची चकती चाटून तोंड वाकडं केलं, म्हणून तिनं पण चाटली, तोंड त्याच्यापेक्षा वाकडं केलं आणि चकती त्याच्या ताटात टाकली. दोघं हसत सुटले.

"दोन झाल्या," चाची म्हणाली. "तिसरी चाटली. काय म्हणतीस, प्रीती?"

प्रीती पाणी प्याली.

"अडीच," प्रीती म्हणाली. "चालतंय. एसटीत हाफ तिकीट बी असतंय."

सोमवारी तिनं सही केली आणि गुरुवारी चंदगडच्या गाडीत बसली, पहिल्यांदाच कंडक्टरच्या सीटवर नाही, खिडकीशी. आता माईक तिच्या हातात आहे. एकदा साक्षीनं फोनवर ऐकलं, मागं गाड्यांचा आवाज आणि मधेच मम्मी सगळ्या स्टँडला दरडावतेय. पोरगी दिवसभर घरात फलाट नंबर ओरडत होती.

स्टीलवरचं नाव पुसत नाही. त्यामुळं आमच्या घरची सगळी भांडी आता कायमची सुलतानबी मीरासाब मुल्लाणी यांची आहेत. चाची म्हणाली, वापर, पण माझ्या नावाचं भांडं कधी रिकामं परत पाठवू नको. बदाम तिनं बंद केले. उरलेले मला दिले.

जायच्या आदल्या दिवशी प्रीतीनं मला दुकानावर एक ताट आणून दिलं आणि काय घालायचं ते कागदावर लिहून दिलं. मी नाही म्हणालो नाही. सुबक अक्षरात, काठाला, मशीननं घातलं. गेल्या आठवड्यात तीन बायका दुकानावर आल्या, तिघींना तसंच ताट पाहिजे, नवऱ्याच्या नावानं आणि फुलासकट. कसं कळलं त्यांना, विचारू नका. नौमानला तोंड आहे.

काल रात्री शेपू केला होता. शेपू मी जन्मात खाल्लेला नाही. आईसुद्धा मला वेगळं पिठलं करायची. मी तो हळूच चपातीखाली सरकवत होतो. समोर साक्षी सुलतानबीच्या वाटीतला शेपू खात होती.

"पप्पा," ती म्हणाली, "शेपू ऱ्हायलाय."

मी तिला तत्त्वाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. मग ताटाच्या काठाकडं नजर गेली. माझंच अक्षर, माझंच फूल. 'प्रसेनजीत, गप जेवा.'

गप जेवलो.